शांतांक एकोणीस

ईश्वरी काळेलला पशुवैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेत सातशेवीसपैकी सहाशे एक्केचाळीस गुण पडले होते. त्या वर्षी माण तालुक्यात एवढे गुण दुसऱ्या कोणालाच नव्हते. तरीही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयाचं पत्र आलं ते निवड न झाल्याचं. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘शांतांक १९. अर्जदाराचा स्वभाव प्राण्यांच्या सहवासास अनुकूल नाही.’

तिच्या वडिलांनी ती ओळ तीनदा वाचली. धनाजी काळेल हे हिवरमाळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आसपासच्या अकरा गावांत मोटारसायकलवरून फिरून लसी टोचल्या होत्या, अडलेली वासरं बाहेर काढली होती, फऱ्या आणि घटसर्प या जनावरांच्या रोगांच्या साथींत ते रात्रंदिवस राबले होते. गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. ते स्वतः मात्र कोणी तसं म्हटलं की दर वेळी दुरुस्ती करायचे. खरी डॉक्टर घरात होणार ती ईशू, असं त्यांनी ती सहावीत असल्यापासून ठरवून टाकलं होतं, आणि ईशूनेही ते कधी नाकारलं नव्हतं.

पत्राची घडी घालून त्यांनी ते फळीवर ठेवलं आणि ते दवाखान्यात निघून गेले.

शांतांकाची चाचणी सुरू होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ती आणण्यामागचं कारण चुकीचं नव्हतं. लेखी परीक्षेत वरचे गुण मिळवून येणाऱ्या कित्येक मुलांनी त्याआधी जनावराला हातही लावलेला नसायचा. माणसांच्या वैद्यकीला जागा मिळाली नाही म्हणून ती इकडे यायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालायची वेळ आली की सोडून जायची. त्यांच्या जागा मग रिकाम्याच राहायच्या. महाविद्यालयातल्या डॉ. अनुपमा देशिंगकर यांनी यावर वेगळाच उपाय शोधला. मुलांना प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी गाईलाच विचारायचं ठरवलं.

गाय घाबरली की तिच्या शरीरात काय होतं हे शास्त्राला ठाऊक होतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निवांतपणी थोडं कमी-जास्त होत असतं. भीती वाटली की ते एकसारखं, घट्ट होतं. नाकाच्या शेंड्याकडचं रक्त आत ओढलं जातं आणि तिथलं तापमान अंश-दीड अंशाने उतरतं. कान मागे वळतात. रवंथ थांबतं. डॉ. देशिंगकरांनी गाईच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा केला आणि गोठ्याच्या छताला उष्णता टिपणारे कॅमेरे बसवले. दोन्हींकडून येणारी माहिती एका संगणकाकडे जायची. चार हजार गाईंची वर्तणूक पाहून पाहून तो संगणक तयार झाला होता, आणि गाईच्या मनाची स्थिती तो शून्य ते शंभर अशा एका आकड्यात सांगायचा. उमेदवाराने तीन अनोळखी गाईंजवळ प्रत्येकी बारा मिनिटं राहायचं, मानेला, पाठीला हात लावायचा, पुढचा एक पाय उचलून खूर बघायचा. तिन्हींची सरासरी म्हणजे त्याचा शांतांक. पन्नासच्या खाली असेल तर लेखी गुण कितीही असोत, अर्ज बाजूला.

यात शिकवणीचा उपयोग नव्हता, वशिल्याचा नव्हता. चाचणी आल्यापासून शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. समोरचा कोणाचा मुलगा आहे ते गाय बघत नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. धनाजीही म्हणायचे.

ईश्वरीची चाचणी जूनमध्ये झाली होती. पहिली गाय ती दहा पावलांवर असतानाच कान मागे टाकून उभी राहिली. ईश्वरी घाईने पुढे गेली नाही. वडिलांनी शिकवलं होतं तसं ती बाजूने, नजर खाली ठेवून, तोंडाने हलका आवाज करत गेली. गाय मागे सरकत गव्हाणीला टेकली. दुसरीने डोकं झटकलं आणि बारा मिनिटं झटकतच राहिली. तिसरीचा पाय उचलायला ती वाकली तेव्हा गाईने असा हिसडा दिला की देखरेख करणाऱ्या बाईंनी चाचणी दोन मिनिटं आधीच थांबवली. ईश्वरी बाहेर आली तेव्हा तिचा सदरा घामाने भिजला होता. काय चुकलं हे तिला सांगता येत नव्हतं. सगळं बरोबर केलं होतं, आणि गाईंना ती नको होती.

तीन वर्षांपूर्वी तिला अपघात झाला होता. पंधरा वर्षांची होती. वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसून ती गोंदवल्याहून परत येत असताना त्यांनी एका ट्रॅक्टरला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि समोरून टेम्पो आला. धनाजींच्या खांद्याचं हाड मोडलं. ईश्वरीचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन वर्षं ती साध्या कृत्रिम पायावर लंगडत शाळेत गेली. मग धनाजींनी कुठे कुठे अर्ज करून, पुण्याच्या एका संस्थेच्या यादीत तिचं नाव घालून, तिच्यासाठी मोटरचा पाय मिळवला. घोट्यात बसवलेली छोटी मोटर पाऊल उचलताना ढकलायची, उतारावर आवरून धरायची. तो लावून ती पहिल्यांदा अंगणातून रस्त्यापर्यंत चालत गेली तेव्हा धनाजी तिच्याबरोबर गेले नाहीत. ते ओट्यावर बसून राहिले आणि पंच्याने तोंड पुसत राहिले.

चाचणीच्या वेळी तो पाय येऊन आठ महिने झाले होते.

पत्र आल्यानंतर घरात कोणी तिला काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. अपघातानंतर ती चिडकी झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं. तिने एकदा जेवणाचं ताट भिरकावलं होतं. आईला, लताबाईंना, ती नको ते बोलली होती. दावणीची खिलार गाय हरणी, जिला तिने कालवड असताना स्वतः बाटलीने दूध पाजलं होतं, ती गेले काही महिने ईश्वरी आली की अंग चोरायची; तेही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि पोरगी बदलली म्हणून मनातल्या मनात सोडून दिलं होतं. आता एका यंत्राने तेच लिहून पाठवलं होतं.

एका सकाळी ती बादली घेऊन गोठ्याकडे निघाली. धनाजी आले आणि त्यांनी तिच्या हातातून बादली घेतली.

“राहू दे,” ते म्हणाले. “मी काढतो धार.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आजारी माणसाच्या हातातलं काम काढून घ्यावं तसं त्यांनी ते केलं. ईश्वरी परत फिरली. त्या दिवसापासून ती गोठ्यात जायची बंद झाली.

ती स्वतःकडेच बारकाईने बघू लागली. कुत्रं समोर आलं तर आपल्याला काय वाटतं, शेजारच्या बाळाला उचलताना काय वाटतं. जनावरांची आपल्याला खरंच माया होती की वडिलांना बरं वाटावं म्हणून आपण ती धरून चाललो होतो, हे तिला ठरवता येईना. मनाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती तिने कोणालाही सांगितली नव्हती : वडिलांनी त्या ट्रॅक्टरला ओलांडायला नको होतं. गाईला तेच कळत असेल, असं तिला वाटू लागलं. माणसांपासून लपवलेलं गाईपासून लपत नसेल.

ऑगस्टमध्ये वादळाने विजेचे खांब पडले आणि हिवरमाळला दोन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरीच्या पायाची बॅटरी संपली. मोटर बंद पडली की तो पाय नुसत्या ओंडक्यासारखा व्हायचा. लताबाई शेजारी गेल्या होत्या, वासरू दाव्यातून सुटून हरणीला लुचत होतं, आणि धनाजी दारात बूट काढत होते. तेवढ्यात ईश्वरीच भिंतीला धरत, पाय ओढत गोठ्यात गेली. तिने वासरू ओढून बांधलं, तोल जाऊ नये म्हणून हरणीच्या पाठीवर हात टेकला आणि तशीच दम खात उभी राहिली.

हरणी रवंथ करत होती. ती करतच राहिली.

ईश्वरीच्या ते लक्षातही आलं नाही. धनाजींच्या आलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जनावराच्या कानाकडे आणि जबड्याकडे बघून आजार ओळखले होते. एका पायात बूट तसाच ठेवून ते उभे राहिले. वीज आल्यावर त्यांनी पायाची बॅटरी पूर्ण भरू दिली आणि दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, “ईशू, जरा हिकडं ये.”

तिला वाटलं ते आपल्याला हरणीसमोर उभं करून तपासणार आहेत. ती नको म्हणाली. त्यांनी धरून नेलं नाही, पण गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि वाट बघत राहिले. शेवटी ती गेली. हरणीने कान मागे टाकले आणि दावं ताणून बाजूला झाली. धनाजींनी ईश्वरीला खाली बसवलं, खाली वाकून पायाचं बटण बंद केलं आणि तिला हात देऊन पुन्हा उठवलं. हरणीने मान हलवली, कानावरची माशी उडवली, आणि थोड्या वेळाने तिच्या पोटातून घास वर आला. त्यांनी बटण चालू केलं. जबडा थांबला. त्यांनी हे चार वेळा केलं. चौथ्या वेळी ते गव्हाणीच्या कडेवर बसले.

“तुझ्यात काय न्हाय,” ते म्हणाले. “त्या पायात हाय.”

थोड्या वेळाने, हरणीकडे बघतच, त्यांनी विचारलं, “तुझा माझ्यावर राग हाय का, ईशू?”

ईश्वरी म्हणाली, “होता. आता किती उरलाय ते मला सांगता येत नाही, अण्णा.”

त्यांनी मान हलवली. बादली उचलून तिच्या हातात दिली.

पायात नेमकं काय आहे ते दहिवडीच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या तांबोळी सरांनी दाखवलं. ते जुन्या विहिरींतल्या वटवाघळांची मोजदाद करायचे आणि त्यासाठी त्यांच्याकडे हातात मावणारं एक यंत्र होतं. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो, वय वाढलं की तोही नाही. गाईला पस्तीस हजारांपर्यंत ऐकू येतं. वटवाघळं त्याहून वर ओरडतात, आणि सरांचं यंत्र तो सगळा वरचा आवाज खाली उतरवून माणसाला ऐकवायचं. त्यांनी ते ईश्वरीच्या घोट्याजवळ धरलं.

एक शिट्टी आली. बारीक, सलग, दाढेत कळ यावी तशी. तिने पाऊल टाकलं तेव्हा ती चढली आणि किंचाळली. उभी राहिली तरी ती थांबली नाही, कारण तोल राखायला मोटर सतत जोर धरून होती. ईश्वरीने दोन पावलं टाकली, थांबली, आणखी एक टाकलं. दहा महिने ती हा आवाज बरोबर घेऊन फिरत होती. मग तिने सरांना यंत्र बंद करायला सांगितलं.

पाय बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने फोनवर सहज सांगून टाकलं. मोटरला वीज सलग दिली जात नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत दिली जाते, आणि तेवढ्या वेळा तिची वेटोळी थरथरतात. आधी हा वेग बारा हजार होता, तेव्हा वापरणारे तक्रार करायचे की पाय शिट्टी वाजवतो. म्हणून तो चोवीस हजार केला. त्यानंतर कोणाचीच तक्रार आली नाही. वेग चाळीस हजारांवर नेता येईल, असं तो म्हणाला. मोटर थोडी तापेल, बॅटरी लवकर उतरेल, बाकी काही नाही.

डॉ. देशिंगकर साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. धनाजी आणि ईश्वरी त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाद घातला नाही. त्यांनी ईश्वरीला तो पाय काढून देता येईल का असं विचारलं, तो स्वतः उचलून गोठ्यात नेला आणि एका गाईपासून पाच फुटांवर खुर्चीवर ठेवून चालू केला. शेजारी माणूस नव्हता. पडद्यावर गाईच्या नाकाचं तापमान मिनिटभरात सव्वा अंश उतरलं. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फेरचाचणीचा आदेश लिहिला, मोटर बंद ठेवून.

त्या फेरचाचणीत पहिल्या गाईने बावन्न दिले, दुसरीने सत्तेचाळीस, तिसरीने तेहेतीस. सरासरी चव्वेचाळीस.

ईश्वरीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं की तिला वाईट वाटलं नाही. गाईंना ती आवडली नव्हती आणि नकोशीही झाली नव्हती. चार लोकांसारखीच होती ती. गेले दोन महिने तिने स्वतःबद्दल जे काही मानलं होतं त्यापुढे चव्वेचाळीस हा आकडा तिला फार मोठा वाटला.

पण पन्नास हवे होते. डॉ. देशिंगकरांनी समितीशी बोलून वाट काढली. मोटर बंद असताना तोल सांभाळावा लागला, त्याचा परिणाम धरून विशेष बाब म्हणून सहा गुण वाढवून देता येतील. जागा तिच्यासाठी आठवडाभर राखून ठेवू. ईश्वरीने फक्त एक अर्ज भरायचा. अर्ज छापील होता आणि त्याच्या शेवटी एक वाक्य होतं : ‘शांतांक चाचणीच्या पद्धतीबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही.’

ईश्वरी कार्यालयातल्या बाकावर तो अर्ज घेऊन बसली. जूनमध्ये याच बाकावर ती आपला क्रमांक येण्याची वाट बघत बसली होती तेव्हा शेजारची एक मुलगी तेवीस आकडा ऐकून बाहेर आली होती आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तिला घ्यायला आलेली तिची आई तिच्यापासून दोन पावलं लांब उभी होती. ईश्वरीने तिचं नावही विचारलं नव्हतं. त्या मुलीला आलेल्या पत्रातही तीच ओळ असणार, स्वभावाची.

तिने अर्ज भरला, सही केली आणि ते शेवटचं वाक्य पेनाने खोडलं. कारकुनाने खाडाखोड केलेला अर्ज घेता येत नाही असं सांगितलं आणि नवा कोरा अर्ज पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. डॉ. देशिंगकरांनी आत बोलावून समजावलं. ईश्वरीने विचारलं की पाच वर्षांत ती स्वभावाची ओळ किती जणांना गेली. बाई म्हणाल्या, सहाशे अकरा. ती ओळ मागे घेणार का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या की ते त्यांच्या एकटीच्या हातात नाही.

आठवड्याने जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला गेली.

धनाजी तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना तिचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. पण हातात आलेली जागा तिने सोडली, आणि आधी ज्या पायामुळे ती गेली होती तो पाय त्यांनीच आणलेला, हे त्यांना गिळता येत नव्हतं. लताबाईंना ते म्हणाले की पोरीने दुसऱ्यांच्या पोरांसाठी स्वतःचं वर्ष घालवलं. लताबाई म्हणाल्या की तुम्ही साथीत काय करत होता.

मूळ कागदपत्रं परत घ्यायला दोघं पुन्हा महाविद्यालयात गेले तेव्हा कागद हातात आल्यावर धनाजी निघाले नाहीत. ते डॉ. देशिंगकरांच्या दाराशी गेले.

“मॅडम, मला मोजा,” ते म्हणाले.

बाईंना आधी समजलं नाही. धनाजींनी सांगितलं की अठ्ठावीस वर्षं जनावरात काढली आहेत. आपला आकडा काय येतो तो बघायचाय. बाईंनी त्यांना गोठ्यात नेलं. धनाजी पहिल्या गाईजवळ गेले तेव्हा ईश्वरी काचेच्या मागे उभी होती. त्यांचा हात इतका सराईत होता की गाईच्या मानेवरून तो फिरताना बघत राहावं. त्यांनी तिन्ही गाईंचे खूर पाहिले, एकीच्या खुरात खडा अडकला होता तो नखाने काढला, आणि बाहेर आले.

शांतांक एकतीस आला.

डॉ. देशिंगकरांनी तो आकडा वाचला आणि त्या खुर्चीत बसल्या. धनाजींना मात्र नवल वाटलं नाही. गाव त्यांना बघून जेवढं खुश व्हायचं, तेवढी जनावरं कधी झाली नव्हती. त्यांच्या कपड्यांना, नखांना औषधांचा वास होता, दुसऱ्या घाबरलेल्या जनावरांचा वास होता. ते गाईजवळ आले की बहुतेक वेळा सुई यायची.

“मी माझ्या पोरीला गाईसमोर उभी करून तिचं मन तपासत होतो,” ते बाईंना म्हणाले. “मलाच कोणी तपासलं नव्हतं.”

त्यानंतरच्या आठवड्यात डॉ. देशिंगकरांनी महाविद्यालयातल्या सगळ्या अध्यापकांना गोठ्यात बोलावलं. काहींनी कामं असल्याचं सांगितलं. अकरा जण आले. त्यातले सात पन्नासच्या खाली गेले, आणि शस्त्रक्रिया शिकवणारे सगळ्यांत खाली. सर्वांत जास्त, चौऱ्याहत्तर, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मिळाले, ज्यांनी गाईला त्या दिवशी पहिल्यांदाच हात लावला होता. बाईंचा स्वतःचा आकडा बेचाळीस होता. तो त्यांनी समितीच्या बैठकीत आधी वाचला, मग बाकीचे वाचले. गाईला काय वाटलं ते यंत्र बरोबर सांगतं, असं त्या म्हणाल्या. त्यावरून माणूस कसा आहे हे आपण ठरवलं. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या घटली हेही खरं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यामुळे समितीने शांतांक रद्द केला नाही. पण पुढच्या वर्षापासून नुसत्या आकड्यावर कोणाला नाकारायचं नाही, खालचा आकडा आला तर कारण शोधायचं, आणि त्या सहाशे अकरा जणांना पत्र पाठवून पुन्हा बोलवायचं, एवढं ठरलं. त्या वर्षीच्या यादीत बदल झाला नाही.

कारणं शोधायला माणूस हवा होता. डॉ. देशिंगकरांनी ईश्वरीला विचारलं. तोवर तिच्या पायातल्या मोटरचा चालू-बंदीचा वेग चाळीस हजारांवर गेला होता. ती दर सोमवारी एस.टी.ने यायची आणि शनिवारी घरी जायची. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा पुन्हा द्यायची होती, म्हणून पुस्तकं बरोबर असायची.

बोलावलेल्यांपैकी दोनशेच्या आसपास आले. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही, किंवा आता गरज नाही असं कळवलं. एका मुलीच्या कानातलं श्रवणयंत्र शिट्टी वाजवत होतं. एक जण केसांना गवती चहाच्या तेलाचं काहीतरी लावायचा आणि गाई त्या वासाने तोंड फिरवायच्या. एकाला गुरं हाकत वाढल्यामुळे त्यांच्या थेट डोळ्यांत बघायची सवय होती, ती त्याने चार दिवसांत मोडली. तेवीस आकडा ऐकून भिंतीकडे वळलेली मुलगी आली नाही. तिचा पत्ता बदलला होता.

पण साठ-सत्तर जणांचं काहीच सापडलं नाही.

फेब्रुवारीत ओंकार ठिगळे नावाचा तेवीस वर्षांचा तरुण आला. सांगोल्याजवळ एका दूध संकलन केंद्रात तो कामाला होता. चार वर्षांपूर्वी त्याचा शांतांक चौदा आला होता. ईश्वरीने त्याला तीन दिवस ठेवून घेतलं. कपडे बदलून पाहिले, साबण बदलून पाहिला, तांबोळी सरांचं यंत्र त्याच्या सगळ्या अंगावरून फिरवलं, चाल तपासली, आवाज तपासला. तिसऱ्या दिवशी आकडा सोळा आला.

ते दोघं गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे,” तो म्हणाला.

ईश्वरीच्या मनात दोन-तीन उत्तरं आली. सगळी त्याला बरं वाटावं अशीच होती. तिने ती बाजूला ठेवली.

“गाईला काहीतरी जाणवतंय,” ती म्हणाली. “काय ते मला सापडलं नाही. मी तसंच लिहिणार आहे. कारण सापडलं नाही. बाकी काही लिहिणार नाही.”

“आणि जागा?”

“लेखी गुण चांगले असतील तर अडणार नाही आता. पण तुम्हाला जनावर धरायला नेहमीच जास्त वेळ लागेल. ते खरं आहे.”

केंद्रावर येणाऱ्या गवळ्यांना तो जनावरांच्या औषधांची माहिती सांगतो, पुस्तकं अजून त्याच्याकडे आहेत, एवढं ओंकारने सांगितलं. त्या पत्रानंतर त्याने घरची गाय भावाकडे दिली होती. चार वर्षांत तो चाचणीशिवाय कधी कोणत्या गाईजवळ उभा राहिला नव्हता.

मग त्याने विचारलं की त्याची गाडी साडेपाचला आहे, तोवर आत थांबलं तर चालेल का.

ईश्वरी आत गेली. तिने कॅमेरे बंद केले आणि कोपऱ्यातल्या तांबड्या गाईच्या गळ्यातला पट्टा सोडून खांद्यावर टाकला. ओंकार दारापाशी आला तशी गाय मागे सरकली. तो तिथेच थांबला, पुढे गेला नाही. ईश्वरीने त्याच्यासाठी एक बादली पालथी घातली, दार अर्धं लोटलं आणि अहवाल लिहायला निघून गेली.